गजूचा गरम पाण्याचा डबा

गजू, खरं सांगतो, तुझ्या मयतीत मी रडत नव्हतो. मी गाड्या मोजत होतो.

ढाणकीच्या नाक्यापासून तुझ्या गॅरेजपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर लागले होते. फुलसावंगीचे, उमरखेडचे, पार पैनगंगेपलीकडचेसुद्धा. ऐन कापूस वेचणीचे दिवस, तरी माणसं कामं टाकून आली होती. चाळीसपर्यंत मोजलं आणि थांबलो, कारण मनात आलं, आपल्या वेळी किती येतील? कॉलेजची एक बस येईल. तीही प्राचार्यांनी सोडली तर.

तू अजून अंगणात होतास, डोक्याला टोपी घातलेला, आणि मी तुझ्यावर जळत होतो. पंचवीस वर्षांची सवय. एका दिवसात कशी सुटणार?

तुला ही गोष्ट तोंडावर सांगायची कधी हिंमत झाली नाही. आता सांगतो. तू उलटून बोलणार नाहीस हे माहीत आहे म्हणून सांगतो, असं समज हवं तर.

जळायला सुरुवात कुठून झाली तेही मला नेमकं आठवतं. यवतमाळला तंत्रनिकेतनात आपण दोघं मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला होतो. तू फुलसावंगीहून एक पत्र्याची पेटी घेऊन आलास आणि आमच्या घरामागच्या खोलीत राहायला लागलास. आमच्याकडे तीन पिढ्या कचेरीतल्या. आजोबा कारकून, वडील पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. घरात हातोडी शोधायची तर शेजारी जावं लागे. तू आल्यावर पंधरा दिवसांत वडिलांची वीस वर्षं बंद पडलेली भिंतीवरची घड्याळं, दोन्हीच्या दोन्ही, चालू झाली. वडील तुझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. तू काही ना काही खोलत असायचास आणि ते बघत असायचे. माझा अभ्यास चालला असला की याच वडिलांना पाच मिनिटांत जांभया यायच्या.

एकदा जेवताना ते मला म्हणाले, "अवी, तुला मार्क आहेत. त्या पोराच्या हातांना डोळे आहेत."

सहज म्हणाले. पुढचा घास घेतला. माझा मात्र तो घास अजून गिळून झालेला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तुझ्या वडिलांना लकवा झाला. घरची शेती, कपाशी आणि तूर, बघणारं दुसरं कोणी नव्हतं. तू पेटी बांधलीस. मी तुला स्टँडवर सोडायला आलो होतो. "पुढच्या साली येतो बे वापस," म्हणालास. मी मान हलवली. एस्टी सुटली आणि माझ्या छातीवरून कोणीतरी उतरल्यासारखं मला हलकं वाटलं. तिसऱ्या वर्षी मी कॉलेजात पहिला आलो. पेढे वाटताना वडिलांनी पहिला पेढा देवापुढे ठेवला आणि म्हणाले, "गजानन असता तर चुरस झाली असती." चुरस झाली नसती, गजू. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

पुढे पदवी घेऊन मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. तू ढाणकीला चार पत्रे टाकून गॅरेज काढलंस, शेती वाट्यानं दिलीस, सिंधूवहिनींशी लग्न केलंस. तेव्हापासून तू मला 'मास्तर' म्हणायला लागलास. मला वाटायचं टोमणा मारतोस. तू मनापासून म्हणत होतास हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि कळल्यावर जास्तच वाईट वाटलं.

मग ती वर्षं आली. कापसाला भाव नाही, बोंडाला अळी, आणि आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात. नातेवाईकांकडे पुण्याला गेलो की लोक "यवतमाळचे का?" असं आवाज खाली करून विचारायचे. तुझ्या गॅरेजात येणारे जीपवाले, टेम्पोवाले त्याच कापसाच्या जिवावर जगत होते. भाडी कमी झाली आणि डिझेल मात्र चढत चाललेलं. तू म्हणायचास, "भाव वाढवनं आपल्या हातात नाई. पण गाडी कमी पेते का, हे तं पाहू शकतो ना."

एका हिवाळ्यात सकाळी सकाळी मी तुझ्याकडे आलो होतो. तुझ्याकडे नेहमी येणाऱ्या रहीमभाईंची जीप नुकतीच उमरखेडहून आली होती. तू मला ओढत गाडीखाली नेलंस. माझा धुतलेला शर्ट, आणि तू म्हणतोस, झोप खाली.

"इंजिनाले हात नोको लावू, पोळंन. आता इथं लाव, गिअरबॉक्साले."

लावला. थंडगार होता.

"पंचवीस किलोमीटर आली गाडी," तू म्हणालास. "इंजिन कव्हाचंच तापलं, पण याच्यातलं ऑइल अजून काकवीवानी घट्ट हाय. त्या काकवीत दाते फिरवाले डिझेल जाऊन राह्यलं. अन् तिकडं पाह्य, सायलेन्सरातून किती धग फुकट चालली."

मी तोपर्यंत बारा वर्षं हाच विषय शिकवत होतो. डिझेल जाळून मिळणाऱ्या उष्णतेतली किती कामाला येते, किती धुरावाटे जाते, किती पाण्यावाटे, हे मी दर वर्षी फळ्यावर काढत होतो. रंगीत खडूनं. पण थंडीतून आलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सला हात लावून बघावा, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. गाडीखाली पाठीवर पडल्या पडल्या मला घाम फुटला. तू समजलास उकडतंय.

महिन्याभरात तू ते बनवलंस. सायलेन्सरच्या नळीला तांब्याच्या नळीचे वेढे, त्यांतून रेडिएटरचं पाणी. तापलेलं पाणी गिअरबॉक्सच्या अंगावरून आणि इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरवरून फिरवून परत. उन्हाळ्यात नको असेल तर बंद करायला एक कॉक. इथपर्यंत मलाही, कोणी आधी सांगितलं असतं तर, जमलं असतं. पण डबा तुझाच. जुना दुधाचा कॅन घेतलास, त्याच्याभोवती टीचभर जाड कापूस दाबून भरलास, वरून पत्रा मारलास, आणि दोन क्लॅम्पांवर तो गाडीच्या मागच्या अंगाला बसवलास, सायलेन्सरपासून चांगला लांब. संध्याकाळी गाडी थांबली की तापलेलं पाणी त्या डब्यात कोंडायचं. सकाळी कॉक उघडला की तेच पाणी थंड इंजिनाभोवती फिरणार. पहिल्या दिवशी सकाळी डब्यातलं पाणी तू माझ्या हातावर ओतलंस. आंघोळीला घ्यावं असं होतं.

"कापूस कोणता भरला?" मी विचारलं.

"फरदडीचा. शेवटच्या वेचणीचा. बाजारात कोनी ढुंकून पाहत नाई त्याच्याकडं. म्हटलं, तू तं कामाले ये."

तेव्हा तू हसलास ते मला आवडलं होतं. हेही लिहून ठेवतो, नाहीतर यात फक्त माझं काळं मनच दिसेल. तुझ्याबरोबर काम करताना जो आनंद व्हायचा तसा मला वर्गात कधीच झाला नाही. मोजमापाची कल्पना माझी होती. डिझेलची टाकी बाजूला ठेवून एक लिटरची बाटली जोडायची, तोच रस्ता, तीच वेळ, तेवढाच माल. एक दिवस डबा लावून, एक दिवस न लावता. आठ सकाळी आपण ते केलं. तू गाडी चालवायचास आणि मी बाटली मांडीशी धरून बसायचो. डबा असला की बाटलीत चार बोटं डिझेल जास्त उरायचं. कधी साडेतीन, कधी चार. मी स्वतः बाटली उजेडाकडे धरून बोटं लावली होती.

"सांग मास्तर," तू म्हणालास.

"वाऱ्याचा फरक असेल," मी म्हणालो.

तू मान डोलावलीस आणि आणखी चार दिवस मोजायला तयार झालास.

आपला एक वाद मात्र खरा होता, त्यात माझं काही खोटं नव्हतं. मी म्हणायचो, गरम पाणी आधी इंजिनच्या ऑइलला द्यायला हवं, मग उरलेलं गिअरबॉक्सला. तू म्हणायचास, इंजिन आपलं आपण तापतं, गिअरबॉक्सचं कोणी नाही, आधी त्याला द्या. तुझ्या गॅरेजात स्टुलावर बसून, जमिनीवर खडूनं रेघा ओढून आपण किती भांडलो! वहिनी चहा ठेवून जायच्या आणि तो गार व्हायचा. त्या वादात तू माझ्यापेक्षा हुशार नव्हतास आणि मी तुझ्यापेक्षा लहान नव्हतो. आयुष्यातले माझे बरोबरीचे तास तेवढेच. तो वाद मिटायच्या आत तू गेलास.

आता त्या दिवसाचं सांगतो.

वीस-बावीस गाड्यांना तू डबे बसवून दिले होतेस. बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्यांचा मेळावा होता, आणि तिथं तुझी जीप उभी करून सगळ्यांना ते दाखवायचं ठरलं. तू मला फोन केलास. "तू बोल, मास्तर. तुह्या तोंडून लोकाईले पटते. मले माईक धरला की घाम येते." मी वडिलांना घेऊन आलो. ते थकले होते, पण हट्ट करून आले.

मी चांगलं बोलायचं ठरवून आलो होतो, गजू. शपथ कशाची घेऊ? पानभर टिपण खिशात होतं, त्यात तुझं नाव तीन वेळा होतं. पण तुझी ओळख करून देताना सूत्रसंचालक म्हणाला, हा आपला बिनडिग्रीचा इंजिनीअर, आणि टाळ्या पडल्या. समोरच्या रांगेत माझे वडील उठून उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांचे डोळे भरले होते. माझ्या पदवीदानाला ते आले होते तेव्हा खुर्चीतून उठले नव्हते.

मी माईक घेतला. म्हणालो, कल्पना चांगली आहे. कौतुक आहे. मग म्हणालो, "पण एक जबाबदार माणूस म्हणून मला सांगावं लागेल. गाडीत तुमचा कापूस, डब्याभोवती कापूस, आणि जवळून जाते सायलेन्सरची धग. उद्या आग लागली तर जबाबदार कोण?"

एवढंच. आग हा एक शब्द पुरला. समोर बसलेल्यांतल्या निम्म्या लोकांनी जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाची गंजी पेटताना कधी ना कधी पाहिली होती. डबा सायलेन्सरपासून लांब आहे, आतलं पाणी उकळीच्या वर जात नाही, आणि उकळत्या पाण्यानं कापूस पेटत नाही, हे त्या आवारात एकाच माणसाला नीट सांगता आलं असतं. तो माणूस माईक धरून उभा होता.

मी खाली उतरलो. तू जवळ आलास. रागावशील म्हणून मी तयार होतो, तसं उत्तरही जुळवून ठेवलं होतं. तू हळूच विचारलंस, "खरंच पेटंल का बे?"

"पेटू शकतो," मी म्हणालो.

"मंग बरं झालं सांगतलं," तू म्हणालास. "कोनाची गाडी जळली असती तं मी कोठं गेलो असतो?"

परतीच्या एस्टीत पुसद मागे पडलं. वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या डब्याला तू हात लावून पाहिला होतास का?"

"हो."

"मग?"

मी तिकिटाची घडी घालत बसलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसानंतर मरेपर्यंत ते माझ्याशी चांगलंच वागले, पण माझ्या कॉलेजात काय चाललंय हे त्यांनी कधी विचारलं नाही.

महिना झाला असेल. तू अचानक आमच्या स्टाफरूममध्ये उभा. ग्रीसचे हात खिशाला पुसलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. सगळे प्राध्यापक बसलेले. तू पिशवी माझ्या टेबलावर उलटी केलीस. पिवळा पडलेला कापूस.

"तीन दिवस चुलीवर डबा उकळत ठेवला," तू म्हणालास. "सिंधूनं लाकडं लावली, मी पानी टाकत राह्यलो. पाह्य. पिवळा पडला, पन पेटला नाई. कोठं काळा डागबी नाई."

माझ्या शेजारचे सर तो कापूस चिमटीत घेऊन बघायला लागले. त्यांना तुझ्यात रस वाटतोय हे मला दिसलं. आणि मी, तीच संधी असताना, दुसऱ्यांदा तेच केलं. म्हणालो, "गजानन, घरची चूल आणि रस्ता एक नसतो. शास्त्रात असं चालत नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. जरा जास्तच वेळ पाहिलंस. मग कापूस गोळा करून परत पिशवीत भरलास, टेबलावर पडलेले तंतूसुद्धा वेचलेस, आणि म्हणालास, "बरं मास्तर. चल, चाय पाज."

आपण टपरीवर चहा घेतला. तू वडिलांची चौकशी केलीस, माझ्या मुलीची परीक्षा विचारलीस. डब्याचा विषय तू पुन्हा कधी काढला नाहीस. मीही नाही.

नंतरच्या पाच वर्षांत मी ढाणकीला आलो की आधी गाड्यांखाली वाकून बघायचो. एकाही गाडीला डबा नसायचा. मला बरं वाटायचं, आणि रात्रीचं जेवण जायचं नाही.

वडील गेले तेव्हा तू पहाटेच यवतमाळला पोचला होतास, माझ्या सख्ख्या भावाच्या आधी. तिरडी तू बांधलीस, खांदा सोडला नाहीस. घाटावर माझ्या कॉलेजातल्या एकानं दुसऱ्याला विचारलं, "यातला मुलगा कोणता?" मला ऐकू आलं. आणि त्या क्षणीसुद्धा, हातात मडकं असताना, मला वडिलांचं दुःख झालं नाही रे. लोक तुला मुलगा समजले, त्याचंच झालं.

तू गेलास त्या दिवसाचं मला रहीमभाईंनी सांगितलं. छातीत कळ आली म्हणून त्यांनी तुला जीपमध्ये घालून नांदेडचा रस्ता धरला. तू पुढच्या सीटवर बसून त्यांना गिअर नीट टाकायला सांगत होतास. पैनगंगेच्या पुलाआधी गप्प झालास.

तेरवीला मी ठरवून आलो होतो. एस्टीत सगळं जुळवलं. जेवणं झाल्यावर गॅरेजच्या पत्र्याखाली तुझे गाडीवाले बसले होते, पंधरा-वीस जण. सुपारी फिरत होती. मी उभा राहिलो. 

म्हणालो, "मला एक सांगायचं आहे. मेळाव्यात मी जे आगीचं बोललो, ते खोटं होतं. डब्याला काही होणार नव्हतं. मला ते तेव्हाही माहीत होतं. गजाननचं नाव झालेलं मला बघवलं नाही, म्हणून बोललो. तुमचं पाच वर्षांचं डिझेल माझ्यामुळे फुकट गेलं. गजाननची माफी मागायची राहिली, म्हणून तुमची मागतो."

मला वाटलं कोणीतरी उठून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

रहीमभाई सुपारी चघळत होते. म्हणाले, "सर, बसा."

मी बसलो.

"डबे आमी काढलेच नाई, सर."

मला कळेना.

"म्हंजे काढले होते, एक-दीड महिना. मंग गजूभाऊ तुमच्याकडून यवतमाळहून आला, अन् म्हने, लावा रे वापस, काई नाई होत. तव्हापासून लागलेलेच हायेत."

"पण मी बघितलं ना," मी म्हणालो. "दर वेळी बघितलं. एकाही गाडीला नव्हता."

आता दोघा-चौघांनी खाली बघितलं. रहीमभाई म्हणाले, "तुमी उमरखेडले उतरले की कोनी ना कोनी फोन करेच. दोन क्लॅम्पा तं खोलाच्या, किती टाइम लागते? काढून तिकडं ताडपत्रीखाली ठेवत होतो. गजूभाऊचा हुकूमच होता, मयतीच्या दिवशीबी पाळला. म्हने, सर आले की दिसू देऊ नोका."

"काहून?" मी विचारलं. यवतमाळच्या घरात 'का'साठी तो शब्द मी कधी बोललो नव्हतो.

रहीमभाईंनी सुपारी गालात सरकवली. "म्हने, मास्तर दिलाचा खराब नाई. त्याले पाहून तरास होते. मंग कायले दाखवाचं?"

गजू.

पाच वर्षं मी वाकून वाकून गाड्यांखाली बघत होतो आणि तू गॅरेजच्या दारात उभा राहून मला बघू देत होतास. तुला स्टाफरूममध्येच कळलं होतं तर. तेवढ्या एका नजरेत. मग भांडला का नाहीस? चार शिव्या दिल्या असत्यास तर मी तुझ्या पाया पडलो असतो, निदान तुझ्याशी खरं बोललो तरी असतो. तू मला लहान मुलासारखं सांभाळलंस. मला राग आला, खरंच आला, तुझ्या तेरवीच्या दिवशी, तुझ्याच पत्र्याखाली. आणि रागाच्या खालून पुन्हा तेच जुनं वर आलं. तुझ्यासारखं यंत्र मला बनवता आलं नाही हे मी केव्हाच सोसलं होतं. पण हे? एखाद्यानं आपलं नाव बुडवलं, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून आपण आपली वस्तू लपवायची, हे कुठल्या माणसाला सुचतं? मला सात जन्मांत सुचलं नसतं. तिथंही तू पुढे.

मी उठून आत गेलो. वहिनी स्वयंपाकघरात परातीतला उरलेला भात डब्यात काढत होत्या. मी दारातच उभा राहिलो. त्यांनी बाहेरचं सगळं ऐकलं होतं, मधे फक्त पत्र्याची भिंत.

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं?"

"म्या तीन दिवस चुलीत लाकडं घातली, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले नाई तं कोनाले माईत असंन?"

त्यांचे हात थांबले नव्हते.

"यवतमाळहून आले तव्हा दोन घास खाल्ले अन् उठले. मी म्हटलं, जा, पेपरवाल्याले सांगा, बाजार समितीत सांगा, का हा मानूस खोटं बोलला. तं म्हनत, जाऊ दे. मी लय भांडली त्यायच्यासंगं. दोन महिने धड बोलली नाई. तुमी येत होते अन् ते डबे लपवाले सांगत होते, तं मले वाटे, बाहेर जावं अन् तुमच्या समोर आनून आपटावं एक डबा. चायचा कप तुमच्या हातात देत होती ना, तं माह्या मनात काय येत होतं ते माह्यं मले माईत."

मी म्हणालो, "मला माफ करा."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रडून रडून डोळे सुजले होते, पण नजर कोरडी होती.

"नाई," त्या म्हणाल्या. "त्यायनं केलं असंन. म्या नाई केलं. करनार बी नाई."

मी मान खाली घातली. जायला वळलो.

"जेवले नाई ना तुमी?" मागून आवाज आला. "मघापासून पाहून राह्यली मी, पंगतीत नव्हते. बसा. तेरवीच्या घरून उपाशी जात नाईत."

मी पाट ओढून बसलो. त्यांनी ताट वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी, एक बुंदीचा लाडू. समोर बसल्या नाहीत, बोलल्या नाहीत, पण भात संपला की पुन्हा वाढत होत्या, आणि वाढताना माझ्याकडे बघत नव्हत्या. मी जेवलो, गजू. पोटभर जेवलो.

तुझ्यासाठी वहिनी तुझ्याशीच भांडल्या; माझ्यासाठी आयुष्यात कोणी कोणाशी असं भांडलेलं नाही.